एलाडिओचं लाकूड

१

दोन्या कासिल्दांनी फळ्यांवरची घोंगडी उचलली, ती तशीच छातीशी धरली आणि कितीतरी वेळ खाली पाहत राहिल्या.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

अंपारो त्यांच्या मागे उभी होती. सुकवणीच्या खोलीत शिरलं की तिला नेहमीच गुंगी यायची. बाहेर ताराकुआ गावावर धुकं उतरलेलं असायचं, इतकं दाट की समोरच्या घरात गिटार जुळवणाऱ्याचा आवाज यायचा पण घर दिसायचं नाही. आणि इथं आत उबदार, कोरडी, लाकडाच्या वासाने जड झालेली हवा. मांडण्यांवर गावातल्या सगळ्या कारखान्यांच्या फळ्या रचलेल्या. आढ्याला अर्धवट झालेल्या गिटारी टांगलेल्या. कुणी बोललं की त्यांच्या पोकळ पोटांतून पुसटसा हुंकार यायचा. 'माझं नाही' हे शब्दही तसेच एकदा घुमले आणि विरले.

"नीट बघा, दोन्या," वडीलधाऱ्या बाईला द्यायचा मान देत अंपारो म्हणाली. "टोकांना निळा रंग आहे की. दॉन एलाडिओंचीच खूण ती."

"रंग कुणीही फासेल. फळीला रंगावरून ओळखतात का ग?"

अंपारो खाली वाकली. सगळ्यात खालच्या मांडणीवर फळ्यांची चळत होती. टोकं निळी, पण बाकी साधं पाइन, पिवळट आणि गाठीगाठींचं. तिने बोट टेकवलं आणि उचलायला गेली तर बोट चिकटलं. फळी चीक गाळत होती.

एलाडिओचं लाकूड सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरुणपणी त्याने डोंगरमाथ्यावरचा वीज पडून वाळलेला देवदार गाढवांवर लादून खाली आणला, त्याच्या फळ्या पाडल्या आणि मुरायला ठेवल्या. सबंध आयुष्य मुरू दिल्या. हात पुरता तयार झाला की याच्या गिटारी करीन, असं म्हणत म्हणत तो म्हातारा झाला आणि एक दिवस गेला. कारखाना त्याच्या बायकोने, कासिल्दांनी, चालवला आणि फळ्या त्यांच्या पलंगाखाली राहिल्या. घरात ओल आहे, बुरशी लागेल, आमच्या सहाय्य केंद्राच्या खोलीत ठेवा, असं म्हणून महिनोन् महिने त्यांच्या मागे लागली होती ती अंपारोच.

"तू म्हणालीस म्हणून दिलं," दोन्या कासिल्दा म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "रविवारी प्रार्थना सुटली की मी चर्चच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे. मग बघू, तुझ्या केंद्रात कोण काय ठेवतं."

२

लघुउद्योग सहाय्य केंद्राचा प्रमुख इंजिनिअर बाल्तासार. ऐकता ऐकता त्याने उठून आधी खोलीचं दार लावलं.

"हळू बोल. बाहेर कळलं तर संपलं सगळं. अंपारो, आठव, आपण इथं आलो तेव्हा काय होतं गावात? गिटार सीमेपलीकडच्या कोरड्या हवेत गेली की तडकायची. दुकानदार परत पाठवायचे. पोरं कारखाने सोडून स्ट्रॉबेरी तोडायला उत्तरेला जायची. आपण खोली बांधली, माल बांधून द्यायची सोय केली, गिऱ्हाइकं आणली. आज कुणाची गिटार परत येते?"

खोटं नव्हतं ते. अंपारोचं कामच मुळी कारखान्या-कारखान्यांतून फिरून काय अडतंय, काय सुधारलंय ते विचारत राहण्याचं होतं. बंद पडलेली दारं पुन्हा उघडताना तिने डोळ्यांनी पाहिली होती.

"खोलीच्या किल्ल्या दोनच आहेत ना, इंजिनिअरसाहेब?"

"एक माझ्याकडे, एक रेनाताकडे. तिला गिऱ्हाइकांना लाकूड दाखवावं लागतं." तो थांबला. "मी कुणाचं नाव घेत नाही."

"पण घेतलंत."

तो हसला. "हे बघ, खोलीची काळजी मी स्वतः घेतो. ओल मोजायचा काटा रोज सकाळी बघतो. सबंध महिन्यात तो जागचा हललेला नाही. बाकी कोण आलं, कोण गेलं ते नाबोरला विचार, फाटकावर तो बसतो. आणि खरं सांगू? ते लाकूड नुसतं पडून होतं. ती बाई त्याला हात लावत नव्हती, लावू देत नव्हती. दुसरीकडे कुठे असतं तर त्याच्या एव्हाना गिटारी झाल्या असत्या."

त्याच्या मागच्या भिंतीवर गेल्या खेपेचा मोठा फोटो होता. ट्रक, ट्रकसमोर रचलेली लाकडी खोकी आणि खोक्यांपुढे उन्हाने डोळे बारीक केलेले कारखानदार. मधोमध दोन्या कासिल्दा एका खोक्यावर हात टेकून उभ्या होत्या. हसत होत्या. अंपारोला त्या हसण्याकडे बघवेना. ती उठली.

३

"माझ्या नजरेखालून फळी गेली असती तर मी मिशा उतरवल्या असत्या," नाबोर म्हणाला. मग आपल्याला मिशा नाहीत हे आठवून त्याने सारवलं, "वाढवून उतरवल्या असत्या."

फाटकाशी त्याची लाकडी चौकी होती. आत शेगडीवर मक्याच्या पानातले मुटके गरम होत होते. त्याने एक अंपारोच्या हातात ठेवला.

"इंजिनिअरसाहेबांची गाडी तपासता का, दॉन नाबोर?"

"त्यांचीच आधी. मागचं झाकण उघडून. त्यांनीच तसं सांगितलंय. रेनाताबाईंची पर्ससुद्धा बघतो, त्या चिडतात, चिडू देत. आत जाताना माणूस आणि बाहेर येताना चोर, असं समजूनच बसतो मी."

"आणि ट्रक?"

"ट्रक तर मीच भरतो ना. मी आणि ड्रायव्हर. क्रिस्पिन खोकी ठोकतो, कारखानदार आपापल्या गिटारी आणून आत निजवतात, झाकण लागलं की आम्ही उचलतो. गिटारी आणि खोकी, तिसरी वस्तू नाही. देवाची शपथ." त्याने शेगडी फुंकली. "एरवी त्या खोक्यांनी जीव नकोसा होतो बघ. ताजं पाइन, हात नुसते बरबटतात. रॉकेलने घासावे लागतात, मग जेवणाला त्याचाच वास. बायको म्हणते, तू जेवतोस का दिवा पितोस? गेल्या खेपेला तेवढं सुख लागलं. मधे एकदा हात घासले, मग शेवटची खोकी चढवली आणि तसाच जेवायला बसलो. हात बघितले तर स्वच्छ!"

अंपारो मुटका खात होती. मक्याची गोडी जिभेवर पसरत होती. समोर धुक्यातून मेंढ्या येत होत्या आणि पुन्हा धुक्यात जात होत्या, जणू कुणी त्या स्वप्नात मोजतंय. नाबोर काहीतरी महत्त्वाचं बोलला असं तिला वाटलं. पण काय, ते हाताशी येईना.

"त्या लाकडावर कुणाचा डोळा होता, सांगा ना," तिने विचारलं.

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं.

"रेनाताबाईंनी त्याचे फोटो काढले होते. घोंगडी बाजूला करून. मी खिडकीतून पाहिलंय."

४

"हो, काढले," रेनाता म्हणाली. "पाठवलेही."

मालाला बाहेरची गिऱ्हाइकं शोधून द्यायची, ही तिची केंद्रातली नोकरी. मोरेलिया शहरातली पोर, चटपटीत, दिवसभर कानाला फोन. गावातल्या बायका तिच्या टाचांच्या बुटांना हसायच्या. पण तिने आणलेल्या मागण्यांवर त्यांच्याच चुली पेटत होत्या.

"कुणाला पाठवले?"

"आपला सीमेपलीकडचा मोठा व्यापारी आहे ना, त्याला. स्वतः गिटारी बनवतो तो. गावात आला होता तेव्हा त्या लाकडाची गोष्ट ऐकून वेडा झाला. फोटो पाहिल्यावर तर दर सोमवारी फोन. देणार का, कधी देणार, कितीला देणार. मी दोन्या कासिल्दांकडे गेले, त्यांनी मला झाडू दाखवला. मग मी इंजिनिअरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, म्हातारी विकायची नाही, विषय सोड. मी सोडला."

"आणि व्यापाऱ्याने?"

रेनाताच्या कपाळावर आठी उमटली. फोन तिने पहिल्यांदाच खाली ठेवला.

"गंमत आहे नाही? मी त्याला नाही म्हणून कळवायच्या आधीच त्याने विचारणं बंद केलं. एकदम." मग ती ताठ बसली. "अंपारोताई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय का? किल्ली माझ्याकडे, फोटो मी काढले, गिऱ्हाईक माझं. मी तुमच्या जागी असते तर मीच मला धरलं असतं."

"म्हणून तर विचारतेय."

"मग ऐका. मी चोरी केली असती तर फळ्या बाहेर कशा काढल्या असत्या? पर्समधून? नाबोर माझी लिपस्टिकसुद्धा उघडून बघतो."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. खोलीतून लाकूड गेलं होतं आणि फाटकातून गेलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी अंपारो नेहमीच्या फेरीला निघाली. रविवार जवळ येत होता, पण घरी बसून डोकं चालत नव्हतं.

पहिल्याच कारखान्यात मालकीण म्हणाली, "या वेळच्या पाट्या जरा वाकल्यात ग. गिटारीचं तोंड कसं सपाट हवं. हे बघ, कडा उचलल्यात." तिच्या पुढच्या कारखान्यात एकाने चिकटवलेली तारांखालची घोडी सुटून हातात आली होती. तिसरा म्हणाला, आवाज मंद झालाय, गिटार सर्दी झाल्यासारखी बोलते. मागच्या फेरीलाही दोघांनी असंच काही सांगितलं होतं, आणि अंपारोने म्हटलं होतं, धुकं फार आहे यंदा.

परतताना रस्ता मेंढ्यांनी अडवला. तिने गाडी बंद केली आणि मान मागे टेकली. काचेपलीकडे सगळं पांढरं. कुठून तरी कुणी एकच सूर पुन्हा पुन्हा जुळवत होतं. डोळे मिटावेत असा सूर. त्या गुंगीत तिला वाटलं, आपण अजून सुकवणीच्या खोलीतच आहोत, बोट फळीला चिकटलंय आणि सुटत नाही.

धुकं बाहेर असतं.

तिने डोळे उघडले. धुकं बाहेर असतं, आणि पाट्या तर आत असतात. ते आत शिरू नये म्हणूनच खोली बांधली होती. वाकलेली प्रत्येक पाटी त्या खोलीत महिनाभर राहिलेली होती. मग त्या कोरड्या खोलीत ओल आणली कुणी?

चिकट बोट. ताजं, ओलं पाइन. चळतभर.

आणि मग नाबोरचे हात. खोकी ताज्या पाइनची असतात, हात चिकाने बरबटतात. गेल्या खेपेच्या शेवटच्या खोक्यांनी बरबटले नाहीत. चीक जिथं असायला हवा होता तिथं नव्हता, आणि जिथं नसायला हवा तिथं होता.

मेंढ्या गेल्या होत्या. मेंढपाळ काचेवर टकटक करत होता. "बाई, झोपलात का? रस्ता मोकळा झालाय."

"झालाय खरा," अंपारो म्हणाली आणि तिने गाडी सरळ केंद्राकडे वळवली.

इंजिनिअर जेवायला गेला होता. ती फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. माणसांकडे तिने पाहिलंच नाही. मागच्या खोक्यांच्या फळ्यांवर पाइनच्या गाठी होत्या, काळ्या गोल गाठी, टक लावून बघणाऱ्या डोळ्यांसारख्या. पुढच्या खोक्यांना एकही डोळा नव्हता. त्यांवर नुसत्या सरळ, केसासारख्या बारीक रेषा होत्या, वरपासून खालपर्यंत. जणू ती खोकी डोळे मिटून उभी होती.

त्यांतल्याच एका खोक्यावर दोन्या कासिल्दांनी हात टेकला होता. नवऱ्याच्या लाकडावर हात ठेवून त्या हसत होत्या, आणि त्यांना कळलं नव्हतं.

६

खोकी ठोकायची शेड सुकवणीच्या खोलीला लागूनच होती. मधे एक दार. इकडच्या फळ्या तिकडे न्यायला फाटकापर्यंत जायची गरजच नव्हती.

दॉन क्रिस्पिन रंधा मारत होते. एलाडिओ आणि ते एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. त्यांचा स्वतःचा कारखाना होता, नावाजलेला. पण त्यांचं काम संथ, मागणी वेळेत पुरी व्हायची नाही. केंद्राची मदत चटपटीत कारखान्यांना मिळाली, यांना नाही. कारखाना बंद पडला तेव्हा बाल्तासारने त्यांना या शेडमध्ये कामाला घेतलं.

अंपारो उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली.

"दॉन क्रिस्पिन, तुम्ही खोक्यांना काय मारता? खिळे की स्क्रू?"

रंधा थांबला.

"खिळे. खोक्याला कोण स्क्रू लावतो?"

"फोटोतल्या पुढच्या खोक्यांना स्क्रू आहेत. बारीक. तेसुद्धा फळीच्या अगदी टोकाला, कडेपासून नखभर अंतरावर. एखाद्या आडदांड माणसाला ते लाकूड दिलं असतं तर त्याने मधोमध खिळे ठोकले असते. ज्याने हे केलं त्याला ठाऊक होतं की या फळीतून पुढे गिटार निघायची आहे. त्याने तेवढी जागा राखली."

त्यांनी रंध्यातली ढलपी काढली, बोटाला गुंडाळली, सोडली.

"तुम्हाला लगेच कळलं असेल," अंपारो म्हणाली.

"टोकं कापून आणली होती," ते म्हणाले. "निळा रंग गेलेला. मला वाटलं, मला फसवताहेत. फसवणार कसं? तो देवदार खाली आणला तेव्हा एक गाढव माझं होतं." त्यांनी रंधा बाजूला ठेवला. "बोलायची हिंमत झाली नाही, पोरी. आणि खिळा मारायचीही झाली नाही. मग जे जमलं ते केलं."

"कुणी आणून दिल्या?"

त्यांनी मान हलवली. "ते मी सांगणार नाही. या वयात मला दुसरं कोण ठेवून घेणार?"

अंपारो उठली. तिला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. आला नाही. फार थकल्यासारखं वाटलं.

"नका सांगू," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी खोलीत या. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी पुरे."

७

सकाळी खोलीत सगळे जमले. दोन्या कासिल्दा काळी शाल घेऊन आल्या होत्या, कुणाच्या मयताला आल्यासारख्या. रेनाता, नाबोर, दाराशी दॉन क्रिस्पिन. बाल्तासार शेवटी आला.

"काय हे, अंपारो? कामाच्या वेळी सभा?"

"लाकूड कसं गेलं ते सांगायचंय. ते ट्रकमधूनच गेलं. नाबोरनेच चढवलं."

"मी?" नाबोर किंचाळला. वरच्या गिटारी हुंकारल्या.

"तुमचा दोष नाही. तुम्ही खोक्यांच्या आत बघत होता. चोरी खोक्यांतून गेली नाही, खोकी होऊन गेली." तिने हात, चीक, गाठी, सगळं सांगितलं. दोन्या कासिल्दांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हळूच शालीत घेतला.

"पूर्वी प्रत्येक कारखाना आपलं खोकं आपण ठोकायचा," अंपारो म्हणाली. "तेव्हा हे झालंच नसतं. आम्ही ते काम तुमच्या हातून काढून घेतलं, तुमचा वेळ वाचला, आणि खोक्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. ज्याने हे केलं त्याला ते पक्कं ठाऊक होतं."

"किल्ल्या दोनच," बाल्तासार म्हणाला. त्याने रेनाताकडे पाहिलंही नाही. "आणि गिऱ्हाईक कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

रेनाताचा चेहरा पांढरा पडला.

"मीही तिथंच अडले होते," अंपारो म्हणाली. "पण चोराने इथं ओलं पाइन आणून ठेवलं. ते रात्रंदिवस ओल सोडत राहिलं. गावातल्या सगळ्यांच्या पाट्या वाकल्या, घोड्या सुटल्या. मला लोक सांगत होते आणि मी धुक्याला दोष देत होते. इंजिनिअरसाहेब, एवढी ओल पाटीला कळली, तर काट्याला कळली नाही?"



"तुम्ही म्हणालात, महिनाभर काटा हलला नाही. रेनाताने चोरी केली असती तर रोज सकाळी तुम्हाला चढलेला काटा दिसला असता. तुम्ही खोली उलटीपालटी केली असती, ओल कुठून येतेय ते शोधलं असतं. तुमच्यासारखा माणूस स्वस्थ बसलाच नसता. चढलेला काटा बघून जो काहीच शोधत नाही, त्याला कारण आधीच माहीत असतं."

वरच्या गिटारी पुन्हा हुंकारल्या.

"काटा बिघडला असेल," बाल्तासार म्हणाला.

"काटा बिघडलेला नाही." हे दॉन क्रिस्पिन बोलले होते. ते दारातून पुढे आले. "फळ्या तुम्ही आणून दिल्यात. म्हणालात, जुना कचरा आहे, खोकी करून टाका. मी ऐकलं. झालं, आता नोकरी घ्या परत."

बाल्तासारने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग मात्र त्याचा बांध फुटला.

"हे गाव उभं कुणी केलं? तुम्ही सगळे पोरं उत्तरेला पाठवून कुलपं लावत होता. मी आलो. एकाने तरी कधी म्हटलं का, साहेब, तुमच्यामुळे? पुढच्या वर्षी केंद्राचं अनुदान संपतंय, मग मी कुठे जाणार होतो? तिकडे तो मला भागीदार करायला तयार होता. आणि ते लाकूड पडून होतं! पडून राहिलेल्या मालाला मालक नसतो, असं मी तुम्हाला किती वेळा शिकवलंय!"

"माझ्या घरात पडून होतं," दोन्या कासिल्दा म्हणाल्या. "माणूसही पडूनच असतो रे शेवटी. म्हणून काय त्याला कुणी चोरून नेतं?"

रेनाता कोपऱ्यात फोनवर भरभर बोलत होती. ती वळली.

"खोकी अजून ग्वादालाहारा शहरातल्या गोदामातच आहेत. लाकडातल्या किडीसाठी धुरी द्यायला रांगेत ठेवलीत. दुपारी त्यांचा नंबर आहे, मग ती सीमेकडे निघणार." तिने फोन छातीशी धरला. "मी थांबवायला सांगितलंय. ऐकतील की नाही, ठाऊक नाही."

८

ऐकलं त्यांनी.

रेनाता स्वतः ट्रक घेऊन गेली, टाचांचे बूट काढून पायात नाबोरचे रबरी बूट घालून, आणि खोकी घेऊन आली. तोवर पोलिसांची गाडी बाल्तासारला घेऊन गेली होती. जाताना तो कुणाकडे बघत नव्हता. अंपारोला त्याच्याविषयी वाईट वाटलं, आणि वाटलं याचंही वाईट वाटलं. त्याने गाव उभं केलं होतं हे खरंच होतं.

रविवारी दोन्या कासिल्दा चर्चच्या पायरीवर उभ्या राहिल्या. जे घडलं ते त्यांनी कमीजास्त न करता सांगितलं. लोक खवळले. खोली पाडा, असंही कुणी म्हणालं.

"खोली कशाला पाडता?" त्या म्हणाल्या. "खोलीने काय केलं? किल्ली आपल्यातल्या दोघांकडे राहू दे, आळीपाळीने. काटा कसा वाचायचा ते शिकून घ्या. आणि आपापली खोकी आपण ठोका. बाकीचं चालू दे."

त्यानंतर अंपारो त्यांच्या कारखान्यात गेली तेव्हा दुपार होती. धुकं उठलं होतं आणि दाराशी ऊन पडलं होतं. देवदाराच्या फळ्या टेबलावर मांडल्या होत्या. टोकं कापलेली, आणि प्रत्येक कोपऱ्याला स्क्रूचं बारीक भोक. दॉन क्रिस्पिन उंबऱ्याबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"सरकारला दरवर्षी एक विचारून कळवायचं असतं," अंपारो म्हणाली. तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "केंद्राच्या मदतीने तुमच्या धंद्यात काही फरक पडला का?"

"पडला म्हणून कळव. गिटारी तडकायच्या थांबल्या. आणि घरात चोरही शिरला, तेही कळव. दोन्ही एकाच ओळीत." दोन्या कासिल्दा फळीवरून हात फिरवत होत्या. "आणि तू. तू फार विचारतेस, पोरी. लोकांनी तुला वाकलेल्या पाट्या हातात दिल्या, तू पुढचा प्रश्न विचारलास. जरा बघत जा."

"बघेन," अंपारो म्हणाली.

दोन्या कासिल्दांनी एका भोकात करंगळीचं नख घातलं.

"एलाडिओ म्हणायचा, हात तयार झाला की कापीन. हात कधीच तयार होता त्याचा. घाबरायचा. एवढं चांगलं लाकूड, चुकलो तर? मग मी घाबरत बसले. आता भोकं पडलीच आहेत. आता कसली भीती?" त्यांनी मान वर केली. "क्रिस्पिन! तिथं खांबासारखा काय उभा आहेस? ये, धर दुसरं टोक."

ते आत आले. त्यांनी करवतीची मूठ धरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. करवत चालू झाली, आधी अडखळत, मग लयीत, आणि खोलीभर एक वास सुटला, जुन्या मधाचा आणि थंडीतल्या डोंगराचा. अंपारो भिंतीला टेकून बघत राहिली. तिने काही विचारलं नाही.

पहिली पातळ पाटी सुटली. दोन्या कासिल्दांनी ती उन्हात धरली, तेव्हा पलीकडची त्यांची बोटं तांबूस दिसली. त्यांनी पाटी कानाशी नेऊन बोटाने वाजवली. मग क्रिस्पिनच्या कानाशी नेऊन वाजवली. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"तू गप्प बसलास ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका विसरू, दोन्या."

"उद्या लवकर ये. मला एकटीला एवढं होणार नाही." त्यांनी पाटी टेबलावर हळूच निजवली. "आणि येशील तेव्हा तोंड उघडून ये."